अक्काने हिसकावलेली वाटी

नव्याण्णव साल असावं. राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी माझे रिपोर्ट चाळले आणि म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर बसा, मी वहिनींशी बोलतो." झालं... आपला खेळ आटोपला, असं मी तिथेच धरून चाललो.

कारण ही पद्धत मला चांगलीच ठाऊक होती. आमच्या थोरल्या काकांना कॅन्सर झाला तेव्हा घरात कुणीच त्यांना कळू दिलं नव्हतं. डॉक्टर बाहेर पॅसेजमध्ये बोलायचे आणि आम्ही आत जाऊन हसऱ्या तोंडाने सांगायचो, काही नाही, साधा अल्सर आहे. तेव्हा घरोघरी असंच चालायचं.

माझी तक्रारही पोटाचीच. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात मी लेथ मशीनवर कामाला होतो. तिथे कॉम्प्युटरवर चालणारी नवी मशीन आली आणि आता बऱ्याच जणांना घरी बसवणार, अशी कुजबुज सुरू झाली. मालक दार लावून कुणाशी बोलतोय, कोण माझ्याकडे बघून गप्प झाला... दिवसभर माझं लक्ष तिकडेच. जेवलं की छातीत जळजळ, पोटात पीळ, मान तर कायमची आखडलेली.

मंगल, माझी बायको, डॉक्टरांच्या केबिनमधून डोळे पुसतच बाहेर आली. म्हणाली, "काही नाही हो, टेन्शनने ॲसिडिटी झालीय. पथ्य नाही, आवडेल ते खाऊ दे म्हणाले."

आवडेल ते खाऊ दे! काकांच्या शेवटच्या दिवसांत डॉक्टरांनी अगदी हेच सांगितलं होतं...

त्यानंतर घरातली प्रत्येक गोष्ट मला पुरावा वाटायला लागली. एरवी टॉवेल पलंगावर टाकला तर घर डोक्यावर घेणारी मंगल, आता गुपचूप टॉवेल उचलायची. मेहुणा इचलकरंजीहून काही काम नसताना सफरचंदं घेऊन आला. मेडिकलवाल्याला विचारलं, या गोळ्या कशाच्या? तो म्हणाला ॲसिडिटीच्या. म्हटलं, यालाही यांनी पढवून ठेवलंय.

पोट आणखीच दुखायला लागलं. झोप गेली, पॅन्ट कमरेत सैल झाली. त्यावरून तर माझी खात्रीच पटली.

अशात एका रविवारी कोडोलीहून अक्का आली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, तोंडाने फटकळ. तीसुद्धा दारातून आली ती गोड बोलतच! मी मनात म्हटलं, संपलं... हिलाही सांगितलंय.

मटण होतं. म्हटलं, आता राहिलंय काय, खाऊन घेऊ. तांबडा रस्सा वाटीमागून वाटी प्यायलो. मंगल काही न बोलता वाढत होती. मी पुन्हा वाटी पुढे केली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणालो, "अक्का, माझ्यामागं हिच्याकडं लक्ष ठेव."

अक्काचा हात थांबला. तिने माझ्या हातातली वाटी हिसकावून घेतली.

"आरं, पोटात आग पडलीया म्हणतोस आन् वरनं रस्सा वरपतोस व्हय? ठिव ती वाटी! डाक्टर म्हटला, ह्याला टेन्शन दिऊ नका, म्हणून ही बिचारी तोंड शिवून बसलीया. टेन्शन तर तूच सगळ्यांस्नी द्याय लागलायस की!"

भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं असणार. पण मला काय वाटलं सांगू? काकांच्या हातातली वाटी कुणीही काढून घेतली नव्हती. मरणाऱ्या माणसावर असं कोण ओरडतं? मी ताटावरच रडलो, आणि हसलोही.

दुसऱ्या दिवशी अक्काच मला दवाखान्यात घेऊन गेली. "आता ह्येच्यासमोरच बोला," तिने डॉक्टरांना बजावलं. डॉक्टर ओशाळले. घरात वाद टाळा एवढंच सांगायला वहिनींना थांबवलं होतं, म्हणाले. आपल्याच कटकटीने हे दुखणं आलं, असं वाटून मंगल तेव्हा रडली होती. माणूस सतत धास्तीत राहिला की पोटात ॲसिड वाढतं, अंग आखडतं, झोप उडते. दुखणं खरं आहे, पण मूळ पोटात नाही.

लगेच बरं वाटलं, असं मात्र नाही. सकाळी रंकाळ्यावर फेऱ्या, वेळेवर जेवण, चहा कमी... आणि सगळ्यात अवघड म्हणजे, माझी नोकरी राहणार का, हे मालकाला तोंडावर विचारणं. तो म्हणाला, "नवी मशीन शिकून घेतोस का?" एवढी साधी गोष्ट विचारायला मी स्वतःला किती पोखरून घेतलं होतं!

आज हे लिहायचं कारण वेगळं आहे. परवा अक्काचे रिपोर्ट आले. डॉक्टर मला म्हणाले, "जरा बाहेर येता?" दवाखान्यातल्या कॉटवरून अक्का माझ्या तोंडाकडे बघत होती. ती नजर मी ओळखतो.

मी स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी बसलो. म्हटलं, "इथेच बोला, डॉक्टर."

"व्हय, बोला की," अक्का म्हणाली.

ऑपरेशन करावं लागणार आहे. मला भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू... पण या वेळी घरात कुणी कुणाच्या चेहऱ्यावर काही शोधत नाहीये. ती घरी आली की रश्श्याची पहिली वाटी मीच तिच्या हातात देणार आहे. आणि जास्त मागितली, तर हिसकावूनही घेणार आहे.