मागच्या संडासातली बाई

माझी मुलगी चार वर्षांची असताना पाच दिवस तिला संडासला झालं नव्हतं. एकदा खडा झाला, दुखलं, आणि तेव्हापासून तिनं धरूनच ठेवायला सुरुवात केली. कळ आली की पायांची अढी घालून दाराआड उभी राहायची, घामाघूम, ओठ दाबून. मला ते बघवत नसे.

निपाणीतलं आमचं घर तंबाखूच्या वखारीला लागून आहे. संडास मागच्या परसात, वखारीच्या भिंतीला टेकलेला, दिवसाही अंधारा.

डॉक्टरांनी सांगितलं, रागवू नका. पाणी द्या, पपई द्या, काळ्या मनुका भिजवून द्या, जेवल्यावर पायांखाली पाट देऊन दहा मिनिटं बसवा. मी सगळं केलं. पोरगी मनुका मटामटा खायची, पण परसदारी न्यायला लागलं की माझ्या गळ्याला मिठी मारून थरथरायची.

"आत बाई हाय," ती म्हणाली.

"कोण बाई गं?"

"काळ्या तोंडाची. तोंडात बोट घालून हलतीया."

मला हसू आलं. दार ढकलून दाखवलं. बादली, तांब्या आणि भिंतीपलीकडून येणारा तो उग्र वास, एवढंच आत होतं. ती मात्र माझ्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली, "मी आई म्हणून हाक मारली, तर ती हूं म्हणाली."

मी दार ओढून घेतलं.

सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. "लेकराला बाहेरचं झालंय. वखारीत काय थोड्या बाया राबल्यात? कोण तर ऱ्हायली असंल मागं." मी शाळेत शिकवणारी, असल्या बोलण्यावर फणकारणारी. पण त्या दिवशी परसात कपडे वाळत घालताना मी त्या दाराकडे पाठ केली नाही.

पाचव्या दिवशी दुपारी तिचं पोट ताठ झालं. दवाखाना संध्याकाळीच उघडणार होता. ती कण्हत होती.

"चिमूटभर मशेरी लाव हिरडीला," सासूबाई हळूच म्हणाल्या. "आपल्याला न्हाय का हुईत लगीच?"

आपल्याला! म्हणजे मी अजून लावते हे त्यांना माहीत होतं. बाळंतपणानंतर माझंही पोट अडलं, तेव्हा भाजलेल्या तंबाखूची ही भुकटी दातांना लावायला त्यांनीच शिकवलं होतं. इकडच्या बायकांचा तो जुनाच उपाय. पण शाळेत पोरांना तंबाखूविरोधी शपथ देणारी मी, म्हणून रोज सकाळी संडासात चोरून लावायची.

लहान मुलासाठी ते विष आहे हे मला कळत होतं. तरी माझी मशेरीची डबी उघडली. लेकरू तळमळत असलं की शिकलेली अक्कलही गहाण पडते. काळं झालेलं बोट मी तिच्या ओठांपाशी नेलं.

ती किंचाळली नाही. तिनं वास घेतला. बोटाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे.

"आई," ती कुजबुजली, "ती बाई तुझ्यात आलीया?"

माझा हात तिथंच राहिला.

डबी मोरीत ओतली. बोट साबणानं चोळचोळून धुतलं. तिला मांडीवर घेऊन सगळं सांगितलं: सकाळी आत मीच असते, तोंड भरलेलं असतं म्हणून तुझ्या हाकेला नुसतं हूं करते. तिनं माझे दात एकेक करून तपासले. मग स्वयंपाकघरात, उजेडात, तिचं पॉटीचं भांडं मांडलं आणि पायांखाली पाट ठेवला. दवाखान्यात जायच्या आधीच, रडत, माझा हात आवळत, ती मोकळी झाली. मीही रडले.

मशेरी सोडल्यावर मी स्वतः आठ दिवस कुंथत बसले, ते सोडा. तिच्या हाकेला मात्र मी अजूनही नुसतं हूं केलं, तर ती येऊन आधी माझं तोंड उघडून बघते.