परबीण-तावडिणीचा शेजार

सांगलीची गाडी दादरला पोचली तेव्हा नुकतं उजाडत होतं. डोळे चोळत खाली उतरले आणि पाय पडला तो थेट शेवंतीच्या ढिगात. पुलाखालचा फुलबाजार तोवर पुरता जागा झालेला. पोती, टोपल्या, हमाल, ओला वास, आणि मधोमध मी, हातात लोणच्याची बरणी.

"ओ ताई, माझ्या धंद्यावर उभ्या आहात तुम्ही," फुलवाली म्हणाली.

लाजेकाजेस्तव एक गजरा घेतला आणि माळला. आमच्या गल्लीतल्या बायकांनी निघताना बजावलं होतं, सगळं लिहून आण, काही गाळू नकोस. म्हणून हेही लिहिलं.

मी निघाले होते रेखाकडे. रेखा माझी शाळेतली मैत्रीण, एका बाकावरची. लग्न होऊन ती गिरगावात गेली, मी सांगलीतच राहिले आणि मुलांची मेस काढली. ती आता आमदार आहे, तीही विरोधी पक्षातली. सत्तेतला आमदार काय करतो ते आपल्याला माहीत आहे, निदान त्याचे फलक तरी दिसतात. हातात सत्ता नाही तो माणूस दिवसभर करतो काय, याचं मला फार कुतूहल होतं. मेस दोन दिवस सूनबाईंच्या हवाली केली, आमटीत गूळ बेतानं घाल म्हणून सांगितलं आणि निघाले.

टॅक्सीनं गिरगाव गाठलं. रेखाचं ऑफिस म्हणजे एका वाडीतली तळमजल्यावरची खोली. बाहेर बाकावर माणसं, माणसांच्या पायाशी एक निवांत कुत्रं. रेखा फोनवर होती. मला बघून तिनं डोळे मोठे केले, एका हातानं मिठी मारली आणि दुसऱ्या हातातला फोन सोडला नाही.

"साहेब, मीच पुन्हा," ती म्हणत होती. "त्या भाडेकरूंचं पाणी घरमालकानं तोडलंय. हो, काल केला होता फोन. उद्याही करेन."

फोन ठेवून म्हणाली, "माझ्या हातात काही नसतं गं. मी नुसती मागे लागते. रागावून काही होत नाही, साहेबाला माझा कंटाळा आला पाहिजे. कंटाळला की काम करतो."

शाळेत बाईंनाही ती अशीच कंटाळवायची, पण ते असो.

कोपऱ्यावरच्या हॉटेलातून थालीपीठ आणि पियूष आलं. पियूष (श्रीखंड पातळ करून केल्यासारखं गोड पेय) मी दोन पेले घेतलं. थालीपीठ चांगलं होतं. माझ्याइतकं नाही.

खाताखाता तिनं दुसऱ्या दिवसाचं सांगितलं. परळला भोईवाड्याजवळ एक जुनी चाळ होती, गिरणीकामगारांची. ती पाडून तिथे टॉवर उभा राहिला. चाळीतली माणसं तोवर संक्रमण शिबिरात, म्हणजे सरकारनं दिलेल्या तात्पुरत्या खोल्यांत, कुणी या इमारतीत तर कुणी त्या इमारतीत. आता नव्या घरांची सोडत होती. चिठ्ठी निघेल त्या मजल्यावर जायचं.

"म्हणजे जन्मभराचा शेजारी गेला विसाव्या मजल्यावर," रेखा म्हणाली. "एकेकट्या म्हाताऱ्या बायका आहेत. त्यांना शेजार म्हणजे निम्मं घर. मी सभागृहात हेच मागत होते, घर द्याल तर शेजारही द्या. हसले सगळे. असली मागणी कुणी करतं का, म्हणाले."

पण ती मागे लागली आणि शेवटी घरांच्या खात्यातले साहेब कंटाळले. ठरलं असं, की जुन्या चाळीत ज्यांच्या खोल्या लागून होत्या त्यांना सोडतीत जोडीनं पुकारायचं. दोघांनीही सगळ्यांसमोर हो म्हटलं, की एकच चिठ्ठी आणि शेजारशेजारची दोन दारं. एकानंही नाही म्हटलं, की सुट्ट्या चिठ्ठ्या, मग ज्याचं नशीब त्याच्याबरोबर.

एवढ्यात परबकाकू आल्या. नऊवारी, जाड भिंगांचा चष्मा. दार लोटून घेतलं, माझ्याकडे संशयानं बघितलं.

"माझी मैत्रीण आहे, बोला," रेखा म्हणाली.

"उद्या त्या तावडिणीच्या बाजूचीच खोली माका व्हयी (मला हवी)," काकू कुजबुजल्या. "पण तिका कळता नये."

त्या गेल्यावर रेखानं खुलासा केला. परबकाकू आणि तावडेकाकू चाळीत भिंतीला भिंत लावून राहिल्या, दोघी मालवणकडच्या, आता दोघींचेही नवरे नाहीत. परबकाकूंच्या मांजरानं तावडेकाकूंचे गॅलरीत वाळत घातलेले बांगडे खाल्ले, तेव्हापासून अबोला. मांजर म्हातारं होऊन मेलं, अबोला तसाच. एकमेकींना काही सांगायचंच झालं तर तिसऱ्याला मध्ये घालून सांगायच्या. पण तावडेकाकूंची देवपूजेची घंटा भिंतीपलीकडे वाजली की परबकाकू सकाळचा चहा टाकायच्या. शिबिरात घंटा ऐकू येत नाही, म्हणून त्यांचा चहा कधी पहाटे होतो तर कधी जेवणाच्या वेळी.

"मग जाऊन बोलत का नाहीत?"

"बांगडे," रेखा म्हणाली.

दुपारी रेखाला भोईवाडा कोर्टात तारीख होती. फुटपाथवरच्या बायकांच्या झोपड्या उठवल्या तेव्हा ती त्यांच्याबरोबर रस्त्यावर बसली होती, त्याचा खटला. त्यातल्या बायका डबे घेऊन आल्या होत्या. मला कुणी बसा म्हणेना, म्हणून मी आपली दिसेल त्या बाकावर टेकले. एक हवालदार आला.

"कुठल्या केसमध्ये, मावशी?"

"मी पाहुणी आहे."

"हा आरोपींचा बाक आहे."

त्या बायका इतक्या हसल्या की आतून कुणीतरी दटावलं. पुढची तारीख पडली. मला वाटलं रेखा वैतागेल, तर ती आणि बायका कोर्टाबाहेर झाडाखाली डबे उघडून बसल्या. कोळंबीची खिचडी होती. तिच्याबद्दल मी काही बोलत नाही, कारण तिच्यापुढे माझ्या मेसचं नाव घेणं बरोबर होणार नाही.

तिथून लालबाग. चिवड्याच्या गल्लीत शिरलं की तळणीचा वासच हाताला धरून नेतो. मक्याचा, पोह्यांचा, लसणीचा असे ढीगच्या ढीग, आणि चाखायला पुढे केलेले हात. मी सगळे चाखले. दुकानदार म्हणाला, "ताई, घेणार की जेवणार?" तेव्हा कुठे तीन पुडे बांधून घेतले.

पुडे पिशवीत टाकते तोच मागून कुणीतरी रेखाचा पदर ओढला. बारकीशी, काटक, कपाळावर मोठं कुंकू नाही पण गोंदण ठळक. तावडेकाकू.

"तुझ्या ऑफिसात येवक मिळूक नाय, थंय (तिथे) ती येता," काकू म्हणाल्या. मग इकडेतिकडे बघून हळूच, "उद्या माका परबिणीच्या बाजूक घाल. रात्री ती खोकता ना, तेवा माका झोप लागता. शिबिरात नुसता सुना सुना (सुनं सुनं) वाटता. पण तिका सांगू नको हां. शपथ."

रेखानं शपथ घेतली. सकाळी परबकाकूंपुढेही घेतलीच होती.

मी रेखाकडे बघत राहिले. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, हे तुम्हाला कुणाला सांगायला नको. "अगं, सांगून टाक ना दोघींना," मी म्हटलं.

"शब्द दिलाय."

"आणि उद्या दोघी स्टेजवर एकमेकींचं तोंड बघत उभ्या राहिल्या तर?"

"तर मात्र गेलं," रेखा म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा उतरला. इतके महिने मागे लागून मिळवलेला शेजार अबोल्यापायी हातचा जायचा, याची तिला खरोखर भीती वाटत होती. त्या संध्याकाळी गिरगावच्या चौपाटीवर बसून आम्ही भेळ खाल्ली, समुद्र सोनेरी झाला, वारा सुटला, आणि माझं सगळं लक्ष त्या मेल्या मांजराकडे.

दुसऱ्या दिवशी दादरच्या हॉलवर जत्रा भरल्यासारखी गर्दी. ठेवणीतल्या साड्या, अत्तराचा वास, एकाच्या काखेत चक्क मृदंग. हॉलच्या दारावर दुसऱ्याच पक्षाचा भलामोठा अभिनंदनाचा फलक झळकत होता. रेखाचं त्यावर नावही नव्हतं. माझं डोकं फिरलं, पण ती फलकाखालून वाकून आत गेलीसुद्धा आणि सगळ्यात मागच्या रांगेत बसली.

जोड्या पुकारल्या जाऊ लागल्या. बहुतेक सगळे हो म्हणत होते. दोन भाऊ तेवढे मोठ्यानं नाही म्हणाले, आणि हॉल पोट धरून हसला. मग स्टेजवरच्या सोडतवाल्या साहेबांनी पुकारलं, "परब आणि तावडे."

दोघी दोन बाजूंनी स्टेजवर चढल्या आणि साहेबांच्या दोन अंगांना उभ्या राहिल्या. चाळीतल्या प्रत्येकाला तो अबोला माहीत होता. रेखानं माझा हात धरला.

"घरं शेजारी हवीत का?" साहेबांनी विचारलं.

परबकाकू त्यांच्याकडे वळल्या. "साहेबांनू, आधी तिका इचारा."

"आधी हिका इचारा," तावडेकाकू म्हणाल्या. "मोठी ही आसा."

"साहेबांनू, तिका सांगा, मोठी ती. माझ्या लग्नात ती लुगडा नेसून इल्ली (आली होती)."

साहेब भला माणूस, पण त्यांना कशात ओढलं गेलंय ते त्यांच्या ध्यानात येईना. डावीकडचं उजवीकडे सांगून त्यांची मान दुखायला आली असेल. शेवटी त्यांनी घड्याळ बघितलं. "बाई, मला हो किंवा नाही एवढंच हवंय. दोघीही बोलत नाहीत, म्हणजे ठीक आहे. सुट्ट्या चिठ्ठ्या करा."

त्यांनी पुढची जोडी पुकारायला तोंड उघडलं. परबकाकू खाली बघत होत्या. तावडेकाकूंनी पदर तोंडाला लावला. मी उठून ओरडणारच होते, रेखानं मला खाली ओढलं.

आणि दोन्ही बाजूंनी, एकाच दमात, अगदी तेच शब्द आले, "मी खंय (कुठे) नाय म्हटलंय?"

दोघी दचकल्या. साहेबांनी एकीकडे बघितलं, मग दुसरीकडे. "नाही म्हटलं नाही, म्हणजे हो धरू का?"

"होय," परबकाकू म्हणाल्या.

"होय तर," तावडेकाकू म्हणाल्या.

हॉलनं टाळ्या वाजवल्या, मृदंगवाल्यानं थाप मारली. चिठ्ठी निघाली. नववा मजला, दोन दारं लागून, एक जिन्याकडचं आणि एक आतलं.

"जिन्याकडचा माझा," परबकाकू म्हणाल्या.

तावडेकाकू साहेबांना वळसा घालून सरळ त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "तुझा कित्याक (कशाला)? तुझ्या मांजरान माझे बांगडे खाल्ल्यान."

"तां मांजर मेला गो कधीचा."

"मेला म्हणान बांगडे परत इले?"

तिसरं कुणी मध्ये नव्हतं. ते आधी कुणाच्या लक्षात आलं कोण जाणे, पण हॉलमध्ये कुजबुज पसरत गेली आणि म्हाताऱ्या बायका डोळे पुसायला लागल्या. साहेब हवालदिल होऊन माईकवरून म्हणाले, "अहो, यांना कुणीतरी थांबवा."

मागच्या रांगेतून रेखा उभी राहिली. "नका थांबवू, साहेब."

हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मीही रडले, खोटं कशाला सांगू. बाहेर येऊन आम्ही वडापाव खाल्ला. सत्तेत नसलेली बाई दिवसभर काय करते, ते मी बघितलं होतं. आमच्या समोरून त्या दोघी भांडत भांडत रस्ता ओलांडून गेल्या. गाड्यांना थांबवायला परबकाकूंनी एक हात वर केला होता, दुसऱ्यानं तावडेकाकूंचं मनगट धरलं होतं. जिन्याकडचं दार कुणाला मिळालं ते मला ठाऊक नाही. मी सांगलीची गाडी धरली तोवर ते ठरलं नव्हतं.

घरी आले. सूनबाईंनी आमटीत गूळ जास्तच घातला होता आणि मुलांना तीच आवडली होती, म्हणजे आता ऐकून घ्यायची पाळी माझी. बॅग ठेवली, चिवड्याचे पुडे बाहेर काढले. आमच्या मजल्यावर समोर एक बाई राहायला आल्या आहेत, बऱ्याच महिन्यांपूर्वी. त्यांचं आडनाव मला दारावरच्या पाटीमुळे माहीत, तेवढंच. त्यांच्याकडे सकाळी कुकरच्या शिट्ट्या होतात, रात्री टीव्हीवर बातम्या लागतात, आणि मध्ये एखादा दिवस काहीच वाजलं नाही तर माझं कामात लक्ष लागत नाही, हे मला तोवर कधी कळलंच नव्हतं.

एक पुडा घेऊन मी त्यांची बेल वाजवली. दार बोटभर उघडलं.

"काही हवं होतं का?" त्यांनी विचारलं.

"शेजार," मी म्हटलं. "आणि पुढेमागे भांडायला कुणीतरी."

त्यांनी साखळी काढली.