तुझी आई नको म्हणाली

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, स्टाफरूममध्ये तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट सांगता यायचं नाही. ऐकून घ्या, म्हणजे झालं.

मी खेळाचा मास्तर. कोल्हापुरातल्या एका शाळेत पंचवीसेक वर्षं शिट्टी फुंकतोय. तोंडाचा फटकळ, पण पोरांवर जीव — असं लोक म्हणतात, आणि मी ते ऐकून घेत आलोय. हल्ली नव्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाला मला बोलावतात. मैदानावर एकही पोर बाजूला बसता कामा नये, दिव्यांग मूल असलं तर खेळ बदला, मुलाला घरी बसवू नका — हे मी ठणकावून सांगतो. टाळ्या पडतात. टाळ्या पडल्या की मला वैशाली आठवते.

आठवीत होती. गडमुडशिंगीची. डावा पाय जन्मापासून वाकडा, पण चालायची — हळू, आणि सतत बडबड करत. दरवर्षी मी पोरांना पन्हाळ्यावरून पावनखिंडीकडं चालत न्यायचो. माझी पोरं बाकी शाळांच्या आधी मुक्कामाला पोचतात, याचा मला भारी माज होता. त्या वर्षी पहिलं नाव वैशालीनं दिलं. आणि मला काय वाटलं? सरळ सांगतो — कटकट वाटली. ही मागं राहणार, मला थांबावं लागणार. पण तोंडावर नको म्हणायची हिंमत? ती कुठली!

दोन म्हशींचं आवरून तिची आई शाळेत आली. पिशवीतनं नवे बूट काढून दाखवले, डाव्याला आतून जाड पट्टी लावून घेतलेली; पोरीला अजून दाखवले नव्हते. म्हणाली, "न्ह्या की सर तिला. हळू चालंल, पण चालंल."

मी त्या माउलीला सांगितलं — पोरगीच नको म्हणतेय, लाजते, घरी विषय काढू नका. मग वर्गात जाऊन वैशालीला बाजूला घेतलं आणि म्हटलं, तुझी आई नको म्हणाली. वर हेही, की तिला विचारत बसू नकोस, आधीच काळजीत आहे.

दोघींनी ऐकलं. मास्तर खोटं कशाला बोलेल? आम्ही त्या वर्षीही सगळ्यांच्या आधी पोचलो. वैशालीची बडबड थांबली. पुढं तिनं कशालाच नाव दिलं नाही. मला दिसत होतं, आणि मी तास घेत राहिलो.

मागल्या महिन्यात तिची आई गेली. भेटायला गेलो. वैशाली आता तिशीची, बँकेत आहे. चहा देऊन जवळ बसली. म्हणाली, "सर, आईवर एक राग राहूनच गेला बघा. पन्हाळ्याच्या वेळी काय म्हणालती ती तुम्हाला? माझ्या पायाची लाज वाटत होती व्हय तिला?"

तिची आई काय म्हणाली होती, ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. तेवढंच बोलायचं होतं. लाज वाटली — आणि भीती, की ही मला आता दारातनं हाकलेल. मी म्हटलं, "आईचं काळीज गं. भ्याली असंल."

तिनं डोळे पुसले. म्हणाली, "बरं झालं सर, तुम्ही सांगितलंत." मी चहा संपवला आणि उठलो.