म्हैस जिच्या हाताला, ती घरी

सहलीचं ठरवायचं म्हटलं की लोक गाडीपासून सुरुवात करतात. मी घरी कोण राहणार इथून करते. ते आधी ठरलं नाही तर बाकी सगळं ठरवलेलं निघायच्या सकाळी मोडतं, आणि मोडलेलं निस्तरायला घरातली एकच बाई मागे ठेवली जाते. माझ्या सासरी ती बाई मी होते.

सासर हिंगोलीकडच्या पुसेगावच्या बाजूला. शेती, चार शेळ्या आणि एक दुभती म्हैस. सासू माझ्या लग्नाआधीच गेलेली. घरात सासरे, थोरले दीर आणि त्यांची बायको, माझा नवरा, मी आणि दोघी जावांची मुलं. थोरल्या जावेला मी अक्का म्हणत असे. सासऱ्यांना फिरायची हौस फार. उन्हाळ्यात शेतं रिकामी झाली आणि शाळा सुटल्या की ते भाड्याची जीप ठरवायचे. कधी माहूर, कधी वेरूळ, कधी लोणार. औंढ्याला जाऊन संध्याकाळी परत येण्याला मी सहल म्हणत नाही.

ठरवायचे ते, पण जमवायची मी. जीप आठवडी बाजाराचा दिवस सोडून सांगायची, कारण बाजाराच्या दिवशी कळमनुरीच्या फेऱ्या टाकून कोणी गाडीवाला आपल्याकडे येत नाही, आणि आलाच तर मध्येच उतरवून पळतो. भाकरी ज्वारीच्या करायच्या पण पहिल्या दिवसापुरत्याच. पुढच्यासाठी दुधात कणीक मळून दशम्या, त्या मऊ राहतात. ठेचा तेलात परतून घ्यायचा, पाणी लावायचं नाही. मुलांना निघताना जुने कपडे घालायचे आणि नवे वर ठेवायचे, तळाशी नाही. ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवायचं, निघण्याआधी दूध पाजायचं नाही. हे सगळं मला कोणी शिकवलेलं नव्हतं. सामान बांधताना डोकं चालवलं की कळतं. मी बांधायची, उचलून जीपमध्ये ठेवायची, आणि जीप निघाली की दार लावून गोठ्यात जायची.

कारण म्हैस. म्हशीला हाताची सवय होते. रोज जी पिळते तिच्याच हाताला ती पान्हा सोडते. दुसरं कोणी बसलं तर लाथ मारते, नाही तर दूध वर चढवून उभी राहते. दोन वेळा पिळलं नाही की कास दगडासारखी होते आणि जनावर हातचं जातं. लग्न होऊन मी आले त्याच आठवड्यात अक्काने बादली माझ्या हातात दिली होती. तेव्हा मला तो मान वाटला. पहिल्या उन्हाळ्यात सासरे म्हणाले, "म्हैस जिच्या हाताला हाये, ती घरी राहील. जनावराला काय सहल कळते?" तो घरचा नियमच झाला.

एका वर्षी मी म्हटलं, माझी साडी नेसून नवऱ्याने पिळून पाहावं. खेड्यात ही युक्ती सगळ्यांना माहीत असते. जनावर वासाला आणि रंगाला फसतं. नवरा माझी साडी गुंडाळून बसला. अक्का गोठ्याच्या दारात पदर तोंडाला लावून हसत होती.

"अवो भावजी, बांगड्या बी घाला. तिला वाटंल कासाराची बाई आली."

नवऱ्याच्या मिशा होत्या, आवाज जाडा होता. म्हशीने बादली त्याच्या मांडीवर पाडली. त्या वर्षी तो नांदेडला दवाखान्यात चाललोय अशा तोंडाने जीपमध्ये बसला, पण बसला. मी राहिले.

मला राग यायला एवढं पुरे नव्हतं. राग आला तो त्यानंतर. मुलगी वेरूळहून परतली आणि अंग धुताना मला म्हणाली, "आई, तुला गाडी लागते ना? म्हणून तू येत न्हाईस ना?"

"कोणी सांगितलं?"

"मोठी आई सगळ्यांना सांगत होती. मामाच्या गावी बी तेच सांगितलं तिनं."

मी आयुष्यात गाडीत कधी ओकले नव्हते. माहेरी मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी राहून हिंगोलीला गेलेली मुलगी. पण अक्काने माझ्या भावाला, माझ्या आईला, शेजारणींना हेच सांगितलं होतं. म्हणजे मला ठेवलं जात नव्हतं, मीच राहत होते. माझी पोरगी मोठी होऊन हेच म्हणणार होती, की आमच्या आईला प्रवास झेपत नव्हता. धुण्याच्या दगडावर सगळ्यांचे प्रवासाचे कपडे पडले होते. मी ते धुतले आणि धुताना ठरवलं. पुढच्या उन्हाळ्यात जीपमध्ये मी बसणार, आणि दार अक्का लावणार.

लोक नियोजन महिनाभर आधी करतात. मी दिवाळीनंतर लगेच सुरू केलं.

त्या पावसाळ्यात म्हैस व्याली होती, म्हणजे उन्हाळाभर दूध राहणार होतं. आधी मी अक्काला तिची एक जुनी साडी मागितली. "गोठ्यात नेसायला पाहिजे, माझ्या चांगल्या खराब होऊन राहिल्या." तिने उदारपणे दिली आणि ही गोष्ट दोन घरी सांगितली. मी ती धुतली नाही. थंडीभर तीच नेसून पिळायची. अक्का बोलते तसं थोडं नाकातून म्हशीशी बोलायची, तिची "चो चो बया" अशी हाक घ्यायची. मग माघात माझ्या अंगठ्याला नखुरडं झालं. निदान मी तसं सांगितलं. हळदीची पट्टी जाड बांधली, आत अंगठा धडधाकट.

अक्का कुरकुरत पिळायला बसली. साडी तिची, वास तिचा, हाक तिची. म्हशीने एकदा मान वळवली आणि पान्हा सोडला. मी पलीकडे उभी राहून आंबोणाचं घमेलं पुढे सरकवलं. त्यात सरकी रोजच्या दुप्पट होती.

आठवड्यात दूध वाढलं. वाढणारच. सासरे ओट्यावरून म्हणाले, "थोरलीच्या हाताला दूध जास्त येऊन राहिलं. हात असा पाहिजे."

संध्याकाळी अक्का वेळेआधीच बादली घेऊन गेली. पट्टी सुटली तरी मी म्हटलं, अजून ठणकतं. तिने हट्ट धरला नाही. मी मात्र अधूनमधून, कोणी नसताना, हाताला रॉकेल लावून कासेला हात घालायची. म्हैस उडायची. असं चार-सहा वेळा केलं की माझा नुसता पायरव ऐकून ती बाजूला सरायला लागली. मी तिला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त माझा हात तिच्या मनातून काढून टाकला.

चैत्रात सासऱ्यांनी जाहीर केलं, या वेळी चिखलदरा. मेमध्ये तिकडे थंडी पडते असं त्यांना कोणी तरी सांगितलं होतं. अक्का महिनाभर थंडीवरच बोलत होती. हिंगोलीला जाऊन तिने लोकरीचा स्वेटर आणला. आमच्याकडे त्या दिवसांत खाटेची पट्टीही तापते, आणि ही बाई स्वेटर घालून आरशापुढे. मी दशम्या केल्या, गाठोडी बांधली, आणि या वेळी माझी पिशवीही भरून चुलीमागे ठेवली.

निघायच्या सकाळी जीप अंगणात लागली. ऊन चढायच्या आत वाशीम मागे टाकायचं होतं. अक्का पुढच्या सीटवर बसून स्वेटर मांडीवर घेऊन तयार. पहाटेचं दूध काढायचं बाकी होतं, कारण ती आंघोळ करून नवी साडी नेसून बसली होती. तिथूनच म्हणाली, "जा बाई, तू घे पिळून. तुझाच तर हात हाये तिला."

मी बादली घेऊन गेले. सगळ्यांना दिसेल अशा बेताने गोठ्याचं फाटक उघडं ठेवलं. बसले, हात लावला, आणि म्हशीने बादली भिंतीपर्यंत उडवली. पुन्हा बसले. पुन्हा लाथ. सासरे जीपमधून उतरले.

"काहून गं, काय झालं?"

"मामा, माझ्या हाताला न्हाई राहिली ती. माघापासून अक्काच पिळून राहिल्यात. तुमीच म्हणत होते ना, त्यांच्या हाताला दूध जास्त."

अक्का खाली आली. पदर खोचून बसली, नवीन साडी असतानाही, आणि म्हैस उभी राहिली देवासारखी. धार बादलीत वाजायला लागली. तो आवाज मी आजही ओळखीन.

पिळून झाल्यावर अक्का उभी राहिली. तिला कळायला लागलं होतं.

"तिला माझी जुनी साडी नेसवा," ती सासऱ्यांना म्हणाली. "तिच्यावर जनावर फसतं."

"ती काल मी सोड्यात उकळून धुतली," मी म्हटलं. "लई वास येत होता."

दीर म्हणाले, "बाबा, शेजारच्या म्हातारीला सांगू."

सासरे नियमाचे माणूस. स्वतः घातलेला नियम सुनेसमोर मोडणं त्यांना जमलं नसतं, आणि गाडीवाला हॉर्न देत होता. "म्हैस जिच्या हाताला, ती राहील. दरवर्षी हेच चाललंय. बसा सगळे."

मी चुलीमागची पिशवी आणली आणि पुढच्या सीटवर बसले. अक्काचा स्वेटर तिथेच राहिला होता. तो मी तिच्या हातात दिला. आमच्या गावात तो तिला काय कामाचा होता, ते तिचं तिने पाहावं.

कनेरगाव नाक्यावर चहाला थांबलो तेव्हा दिरांनी माझ्याकडे प्लास्टिकची पिशवी दिली. "ठेवा जवळ. तुमाला गाडी लागते." मी ती परत त्यांच्याच हातात ठेवली. परतवाड्याच्या पुढे घाट लागला आणि ती त्यांनाच लागली. माझी मुलगी मागच्या सीटवरून हे सगळं बघत होती. मी तिला काही समजावून सांगितलं नाही. ती बघत होती, एवढं पुरे होतं.

चिखलदऱ्याला आदल्या रात्री वळीव पडला होता, खरंच थंडी होती. मी धुक्यात उभी राहून शेंगा खाल्ल्या. सासरे परत निघायचं म्हणाले तेव्हा मी म्हटलं, मामा, एवढ्या लांब आलोय, अजून एक मुक्काम करू, दशम्या उरल्यात. दशम्या उरणारच होत्या; मी तेवढ्या केल्या होत्या. एक मुक्काम वाढला. आमच्या गावात तेव्हा ग्रामपंचायतीशेजारच्या दुकानात फोन होता. निरोप द्यावा असं कोणाला सुचलं नाही, आणि मी सुचवलं नाही. अक्का अंगणात वाट बघत बसलेली मला धुक्यातही नीट दिसत होती, आणि शेंगा गोड लागत होत्या.

आम्ही परत आलो तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही. मग सासऱ्यांनी तोडगा काढला, की एक वर्ष एकीने राहायचं, एक वर्ष दुसरीने. शेजारणींना तो न्याय वाटला. मला वाटला नाही. मी सरळ सांगितलं की जेवढे उन्हाळे मी राहिले तेवढे आधी अक्काने राहावं, मग पाळी सुरू करू. नवरा रात्री म्हणाला, एवढं ताणू नकोस. मी म्हटलं, माझी वर्षं कोणी सैल केली होती का. दर वर्षी म्हैस व्याली की मी आधी बाजूला व्हायची. अक्का राहिली. शिर्डीला राहिली, महाबळेश्वरला राहिली, एका वर्षी तर पोरांनी समुद्र पाहिला तेव्हाही राहिली.

दोन हजार सालानंतर घरं वेगळी झाली, सासरे गेले, म्हशी विकल्या. सहली मीच काढायला लागले, नात्यातल्या सगळ्यांच्या. माझी पद्धत लोकांना पटते. कोणाला कुठे बसवायचं, कुठे खायला थांबायचं, कुठे थांबायचं नाही, हे मी एकदा ठरवलं की कोणी बदलत नाही.

एकदा अशाच उन्हाळ्यात अक्का माझ्याकडे आली. चहा ठेवला.

"मुद्दाम केलं होतंस ना तू? म्हशीचं."

"व्हय."

"मला माघातच वाटलं होतं. नखुरडं एवढं दिवस राहत न्हाई."

"मग बोलल्या काहून न्हाईत?"

"काय बोलू? मामा माझ्या हाताचं चांगलं बोलून राहिले होते. त्या घरात माझं कोण कवा चांगलं बोललं होतं?"

मला हे माहीत नव्हतं असं नाही. मी त्याच्यावरच तर सगळं उभं केलं होतं. तिला वाटलं असेल, आता मी काही मऊ बोलेन. मी कपबशा उचलल्या.

"या वर्षी चिखलदऱ्याला चाललात म्हणे," ती मागून म्हणाली. "आता म्हशी बी न्हाईत. मला घेऊन चल. मी पाह्यलं न्हाई ते."

"गाडीत जागा न्हाई, अक्का."

जागा होती. मधल्या सीटवर, खिडकीपाशी. निघताना मी तिथे पाण्याचा कॅन ठेवला. एका बाजूला दार आणि दुसऱ्या बाजूला माणूस असलं की तो नीट राहतो, घाटातही सांडत नाही.