ओलीची घट का मालाची

समोरच्याचं मनगट धरायचं, हात जरासा उचलून दोन हिसके द्यायचे आणि जाहीर करायचं, "घट आली." ही त्याची नमस्काराची रीत. अंबडच्या मोंढ्यात जन्मभर मापाडी म्हणून पोती तोलली, त्यामुळे माणसंही त्याला पोत्यांसारखीच दिसायची. तुम्हीही पाहिली असतील अशी धंदा अंगात मुरलेली माणसं.

मी त्याचा शेजारी, शाळेत विज्ञान शिकवून घसा बसलेला. संध्याकाळी दमून खुर्चीत टेकलो की हा फाटक वाजवणार आणि हात उचलून झाला की विचारणार, "सर, ओलीची घट का मालाची?" म्हणजे असं, की नव्या सोयाबीनमध्ये ओल असते, ती उडाली की वजन उतरतं, त्यात कुणाचा दोष नाही. पण कोरडा माल कमी भरला तर मधे कुणीतरी हात मारलेला असतो. मी म्हणायचो, बाबा रे, माझी दोन्हीकडून घट आहे, बस आता.

त्याचा एकुलता एक पोरगा फौजेत. लडाखात कुठल्या तरी उंच चौकीवर गेला आणि फोनवर दर खेपेला त्याचे गाल आणखी आत गेलेले दिसू लागले. मापाड्यानं आपल्या परीनं निकाल लावून टाकला: पोराचं राशन कुणीतरी खाऊन राह्यलं. त्याच्या साहेबाला फोन लावून द्या, म्हणून तो माझ्या मागेच लागला.

मी समजावलं. तिथं हवा विरळ असते. पोटाकडून मेंदूला भूक लागल्याचा निरोप नेणारं एक रसायन असतं, ते उंचावर कमी पडतं; पुढ्यात भरलेलं ताट असून घास नको होतो. त्यात श्वासाला आणि उबेला शरीर जास्त जळतं, अंगातलं पाणीही भराभर जातं. म्हणजे तुझ्या भाषेत ओलही जाते आणि मालही. खाली उतरला की भूक परत येईल. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी चोर कुणीच न्हाई?"

नाही म्हटलं. तो आणखीच खचला. चोर असता तर धरता तरी आला असता.

मग त्यानं नवीनच खूळ काढलं. रेंज मिळून पोराचा फोन आला की हा ताट घेऊन फोनपुढं बसायचा. मी एक घास, तू एक घास. पोरगं बापासाठी गिळायचं आणि फोन ठेवला की ओकायचं. ते त्यानं आईला सांगितलं, वहिनींनी मला. मी जाऊन मापाड्याला चांगलंच झापलं. भूक नसलेल्याच्या तोंडात कोंबून काय मिळतंय तुला, म्हटलं. त्यानंतर फोनवर तो मोंढ्याचं बोलायचा, मोसंबीच्या भावाचं बोलायचा. जेवलास का, हे मात्र कधी विचारलं नाही. मला एवढंच म्हणाला, "सर, त्यानं एकडाव आपणहून भाकर मागावी. बास. मला दुसरं काई नको."

पोराची रजा मंजूर झाली तसा तो जरा हलका झाला. ज्वारी स्वतः निवडली, दळून आणली. आणि एका सकाळी मोंढ्यात, काट्यापाशीच, छाती धरून खाली बसला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

वरून खाली उतरायचं, विमानाची वाट बघायची, मग गाड्या बदलत यायचं. पोरगा पोचला तेव्हा राख सावडून झाली होती. अग्नी चुलत्यानं दिला.

आमच्याकडे मयताच्या घरी सुतकात चूल पेटत नाही. भाऊबंद, शेजारी भाकरी घेऊन येतात, त्याला कडू घास म्हणतात. दोन घास कसेबसे उतरवायचे आणि ताट सारायचं, अशी रीत. त्या दिवशी पिठलं-भाकरी आमच्या घरची होती. पोरगा खाली मान घालून बसला. एक भाकरी संपली. दुसरी संपली. भावकीतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. तिसरीही संपली आणि त्याचा हात रिकाम्या ताटातच थांबला. कान लाल झाले होते.

"माय," तो हळूच म्हणाला, "अजून एक दे ना. लई भूक लागून राह्यली. मला लाज वाटायली, पण लई भूक लागली."

मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मला आला. एवढा आला की भिंतीकडे तोंड फिरवावं लागलं. चार दिवस थांबला असता तर काय बिघडलं असतं याचं?

वहिनींनी भाकरी वाढली, वर पिठलं वाढलं. पोरगा रडत होता आणि खात होता. चुलता काही बोलायला गेला, तर वहिनींनी हातानंच त्याला गप्प केलं आणि टोपल्यातली पुढची भाकरी उचलली.