घाला चपला

"मला न्हाई माहीत. घाला चपला."

वर्गात पोरानं काही विचारलं की मॅडम पदर कमरेला खोचायच्या आणि एवढंच म्हणायच्या. की सगळा वर्ग दाराबाहेर. मुंग्या रांगेत का चालतात हे बघायला पोरं कुंपणापाशी कितीतरी वेळ उकिडवी बसलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. राजूरच्या देवळात दर्शनाला निघालेले लोक गाडी थांबवून विचारायचे, "काय हरवलंय का पोरांचं?"

मी शाळा समितीचा अध्यक्ष. म्हणजे झेंड्याच्या दिवशी नारळ फोडायचा आणि बाकी वर्षभर मिशीवर ताव द्यायचा. त्यात माझी नात मॅडमच्याच वर्गात. त्यामुळे गावातली प्रत्येक कुरबूर आधी माझ्या ओसरीवर यायची.

एकदा वरून हुकूम आला, उद्याची शाळा कशी असेल ते भिंतीवर लिहा. आजूबाजूच्या शाळांनी रंगारी बोलावून झोकदार वाक्यं लिहून घेतली. आमच्या मॅडमनी वर्गातली भिंत पोरांचा हात पोचेल एवढी काळी रंगवली आणि खाली खडू ठेवले.

"मॅडम, ह्याच्यावर तर काहीच न्हाई," मी म्हणालो.

"पोरं लिहितील ना, काका. ज्याला जो प्रश्न पडल तो. उत्तरं काय, आता फोनमदी पडलेलीच हायेत. हे पोरगं मोठं होऊन काय काम करल, ते मला तरी आज कुठं माहितीये? विचारायची आन् शोधायची सवय लागली, तर कुठंबी निभावल."

सगळं कळलं असं नाही, पण अध्यक्षानं मान हलवायची असते. मी हलवली.

गावाला मात्र हे पटेना. त्याच सुमाराला तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी वेशीपर्यंत येऊ लागली होती. माझा चुलतभाऊ बबन पारावर सगळ्यांदेखत म्हणाला, "दादा, ह्या बाईला काहीच येत न्हाई. पोरानं विचारलं की म्हणती, माहीत न्हाई. सोमवारपासून माझं पोरगं त्या गाडीत बसणार." बबनचं पोरगं गेलं की मागोमाग निम्मी आळी जाणार, आणि मग शाळेला कुलूप. हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. 

मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या. "बराबर बोलले ते. त्यांना म्हणावं, शनिवारी सकाळी या. तुम्हाला पडलेला एखादा प्रश्न घेऊन."

बबन छाती काढून आला. थंडीचे दिवस होते. "सांगा मॅडम, थंडीत सकाळी सकाळी विहिरीचं पाणी गरम कसं काय होतं?"

मॅडमनी पदर खोचला. "मला न्हाई माहीत. घाला चपला."

शाळेमागच्या विहिरीतून बादली काढली. बबननं हात घातला, पाणी कोमट. पोरांनी थर्मामीटर बुडवून पाऱ्यापाशी पेनानं खूण केली. दुपारी पुन्हा बादली काढली. आता पाणी हाताला गार लागलं, पण पारा बरोब्बर खुणेवर.

"हे यंत्रच खराब हाये," बबन म्हणाला. "उद्या माझ्या विहिरीवर बघू."

रविवारी मॅडम हसनाबादच्या आपल्या घरून, सुट्टीवर पाणी सोडून आल्या. बबनच्या मोसंबीच्या बागेत पोरांची जत्राच भरली. तिथंही सकाळ-दुपार पारा जागचा हलला नाही. बबन बादलीत हात घालून उभाच. शेवटी त्याचं पोरगंच म्हणालं, "आबा, पाणी तेच हाये. सकाळी आपला हातच गारठून जातो, म्हणून ते गरम लागतं."

बबन आधी हाताकडे, मग पोराकडे बघत राहिला. सोमवारी पिवळी गाडी वेशीत हॉर्न वाजवत होती तेव्हा बापलेक पुन्हा विहिरीवर गेले होते. गाडीवाल्याला मी चहा पाजून वाटेला लावलं. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की शाळेत उगाचच पेढे वाटले.

यंदा मॅडमची बदली झाली, थेट घनसावंगीकडे, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. निरोपाच्या दिवशी मी विचारलं, "मॅडम, आता आमच्या पोरांचं कसं?"

"मला न्हाई..." एवढंच म्हणाल्या.  खाली मान घालून चपला घातल्या आणि निघाल्या. मला रडू आलं, लपवत नाही.

नवे सर आले. चांगला तरणा, मनमिळाऊ माणूस. ओळख करून द्यायला मीच त्यांना वर्गात घेऊन गेलो. काळ्या भिंतीवर माझ्या नातीच्या अक्षरात एकच ओळ होती: 'आपल्या मॅडम परत कधी येणार?'

सरांनी ती वाचली. पोरांकडे वळून मायेनं म्हणाले, "बाळांनो, हे काही मला माहीत नाही."

 मग सगळी पोरं एकदम उठली आणि दारापाशी जाऊन चपला घालू लागली.

सर गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. मी कुठला सांगतोय, मीही माझ्या चपला शोधत होतो.