मूठभर कणीक

मालक गेले आणि मी देव्हाऱ्यात दिवा लावायचं बंद केलं. देवावरचा राग दुसऱ्या कशावर काढणार? या माणसानं सारा जन्म आमच्या गुंजवणे गावच्या भजनात पखवाज वाजवला. अंगात ताप असो, बाहेर पाऊस कोसळत असो, कुणी हाक मारली की निघाले. "देवाचं बोलावणं हाय गं," म्हणायचे. आणि मग त्या देवानं भातलावणी अर्ध्यात असताना त्यांनाच बोलावून घेतलं. पखवाज मी जुन्या लुगड्यात गुंडाळून खुंटीला टांगला आणि म्हटलं, संपला आपला संबंध.

आमच्याकडं रोजचं खाणं भात नाहीतर नाचणीची भाकरी. गव्हाचं पीठ घरात यायचं ते मुख्यतः पखवाजासाठी. त्याच्या डाव्या पुडीवर, म्हणजे त्या बाजूच्या कातड्यावर, ओली कणीक थापल्याशिवाय तो घुमत नाही, नुसता टपटपतो. ती मूठभर कणीक मळून द्यायचं काम माझं. "पोरांच्या तोंडची पोळी त्या लाकडाला भरवा!" असं मी किती वेळा तोंड सोडलं असेल. ते हसायचे. भजन उरकलं की कणीक खरवडून घरी आणायचे आणि गाईला घालायचे. बोटांना मात्र ती चिकटलेली राहायचीच, आणि तसेच पानावर बसले की मी पुन्हा ओरडायची.

आमची सारिका लहानपणी लई किरकिरी होती. मी थापटून थापटून दमायची, पण ही डोळा मिटेल तर शपथ! मग ते पखवाज मांडीवर घेत आणि एकट्या डाव्या हातानं हलकेच ठेका धरत. धुम्... धुम्-धुम्... थोड्याच वेळात पोरगी गाढ झोपलेली असायची. कामावरून कितीही दमून आले तरी हे त्यांनी कधी चुकवलं नाही.

हीच सारिका गेल्या श्रावणात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नववा लागला होता. तिला पोळी खावीशी वाटली म्हणून सकाळी कणीक मळायला बसले, तर हातानं आपसूक एक गोळा बाजूला काढला. वर्ष उलटलं तरी मेला हात ऐकेना! चिडून तो परातीच्या काठाशी तसाच ठेवला. तेवढ्यात ती दारात येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक.

"आई, पहाटेपासनं बाळ हाललं न्हाई गं."

मी परात तशीच टाकून धावले. शेजारच्या दिलीपनं जीप काढली. मार्गासनीवरून नसरापूरचा दवाखाना गाठायचा होता. पण वाटेत धुकं असं दाटलं की दिवसाढवळ्या गाडीचं तोंड दिसेना. दिलीपनं गाडी थांबवली. "काकू, रस्त्याची कड खचलीया म्हणत्यात. कुठं त्येच ठावं न्हाई. म्होरं कसं जायाचं?"

इंजिन बंद केल्यावर कसलाच आवाज उरला नाही. पाखराचा नाही, पाण्याचा नाही. सारिका पोट धरून रडत होती. देवाला हाक मारायची म्हटलं तर कोणत्या तोंडानं मारणार? माझ्या तोंडून वेगळंच निघालं. "अहो, तुमची लेक हाय. आता तुमीच बघा."

तेव्हा धुक्यातून एक माणूस आला. डोक्यावरून घोंगडीची खोळ, त्यामुळं तोंड दिसलं नाही. बॉनेटवर डावा हात ठेवला, एक थाप मारली आणि गाडीच्या बाजूनं चालू लागला. धुम्... धुम्-धुम्... दिलीपला काय उमगलं कोण जाणे, त्यानं त्या थापेच्या तालानं गाडी हळूहळू पुढं काढली. थाप थांबली की तो थांबायचा, सुरू झाली की निघायचा. एकदा मी खिडकीतून खाली पाहिलं. चाकाखालचे दगड सुटून दरीत जात होते आणि ते पडल्याचा आवाज येत नव्हता. पत्रा कसा वाजतो ते मला ठाऊक आहे. हा पत्र्याचा आवाज नव्हता, तो घुमत होता.

सारिकानं माझं मनगट घट्ट धरलं. "आई, हाललं! पुन्हा हाललं!" थाप पडली की बाळ हलत होतं.

रस्ता रुंद झाला तशी थाप थांबली. दिलीपनं हाक मारली, "दादा, बसा की, सोडतो म्होरं!" बाहेर कुणीच नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी यंत्र लावून बाळाचे ठोके आम्हाला ऐकवले. वेळेवर आणलंत, म्हणाल्या. दुपारी मुलगी झाली, ठणठणीत. मी भिंतीला टेकून ओक्साबोक्शी रडले. मग दिलीपनं मला बाहेर बोलावलं. "काकू, बॉनेटला ह्ये काय चिकटलंय?" पांढरट, पाच बोटांचे ठसे होते. मी वास घेतला. ओली कणीक होती.

"कुणी पखवाजवाला असंल. मार्गासनीत कुठं भजन हाय का, इचारून येतो," तो म्हणाला. मी म्हटलं, "नको रे बाबा. कुणी का असंना, त्याचं भलं होवो."

घरी परतले तेव्हा परातीच्या काठाशी गोळा नव्हता. मांजरानं नेला असेल, कोंबड्यांनी टिपला असेल. मी शोधला नाही. आधी दिवा लावला.

आता मी रोज मुद्दाम मूठभर कणीक बाजूला ठेवते. नातही आईसारखीच किरकिरी निघाली आहे. ती रडायला लागली की पखवाज मांडीवर घेते, कणीक थापते आणि डाव्या हातानं जमेल तसा ठेका धरते. माझा ठेका चुकतो, तरी ती झोपते. देवाशी संबंध संपला, असं आता मी म्हणत नाही. पखवाजावरून हात उचलून मी ते जोडते, तरी धुम्... धुम्-धुम्... थोडा वेळ चालूच राहतं. मी मागं वळून पाहत नाही.